प्रतिसाद: ग्रहण आणि दुभंगलेला ओठ

काही जण म्हणतात की विज्ञान शाखेच्या मुलांत अपंगत्वाबद्दलच्या अंधश्रद्धा उरलेल्या नाहीत. मला हे पटत नाही. पूर्वजन्मीचं पाप कुणी उघड मानणार नाही, पण ग्रहणात गरोदर बाईने सुरी-कात्री हातात घेतली तर बाळाचा ओठ फाटतो, हे 'पाळलं तर बिघडतं काय?' म्हणत चालूच राहतं.

मुलांना नुसतं 'खोटं आहे' सांगू नका, आठवडे मोजायला लावा. बाळाचा वरचा ओठ गर्भधारणेनंतर चौथ्या ते सातव्या आठवड्यात सांधला जातो, टाळू (तोंडाच्या आतलं छत) साधारण दहाव्याच्या आत. तेव्हा पोट दिसतही नसतं, कित्येकींना दिवस गेल्याचं नुकतंच कळलेलं असतं. ग्रहण कडक पाळायला लावतात ते बहुधा पोट दिसू लागल्यावर. जो ओठ कधीच तयार झाला, तो विळीने कसा फाटेल?

नेमकं कारण बरेचदा कळत नाही; धोका खरोखर वाढवतात त्या गोष्टी म्हणजे आनुवंशिकता, धूम्रपान, आधीपासूनचा मधुमेह, फिट्सची काही औषधं. (औषध मनाने बंद करू नये, डॉक्टरांशी बोलून बदलावं.)

ग्रहणाच्या या समजुतीत आईवर दोष येतो, हे फार वाईट. आणि 'नशिबाचं आहे' म्हणत उपचार लांबतात. ओठाची शस्त्रक्रिया बाळ साधारण तीन ते सहा महिन्यांचं असताना होते. त्यासाठी बाळाचं वजन साधारण साडेचार-पाच किलो आणि हिमोग्लोबिन १० असावं लागतं. टाळूही दुभंगलेली असेल तर तिची शस्त्रक्रिया वर्ष-दीड वर्षाच्या आत, नाहीतर उच्चार नाकातून येतात. तोवर बाळाला आडवं न पाजता डोकं उंच धरून, थोडं थोडं पाजावं.