@ ला आपण ‘ॲट द रेट’ का म्हणतो? बाकीच्या भाषांत काय म्हणतात?

प्रश्न:
आपण @ ला सर्रास ‘ॲट द रेट’ म्हणतो, इंग्रजी बोलणारे नुसतं ‘ॲट’. परदेशी माणसाला फोनवर ईमेल पत्ता सांगताना नेमकी इथेच गाडी अडते. हे ‘रेट’ आलं कुठून? इतर भाषांत काय नावं आहेत? आणि इनस्क्रिप्टमध्ये (देवनागरी टायपिंगच्या कळफलकात) शिफ्ट+२ दाबलं की @ सोडून भलतंच का उमटतं?

जमाखर्च:
‘रेट’ हिशेबाच्या वहीतलं. ‘१२ नग @ ५’ म्हणजे ५ च्या दराने १२ नग, एकूण ६०. ते ‘ॲट द रेट ऑफ’ असं वाचायचे. आपण त्यातला दर ईमेलमध्येही ठेवला, जिथे दराचा काही संबंध नाही.

चिन्ह मात्र ईमेलपेक्षा कितीतरी जुनं. फ्रान्चेस्को लापी या फ्लॉरेन्सच्या व्यापाऱ्याने ४ मे १५३६ रोजी सेव्हिलहून लिहिलेल्या पत्रात वाइनचा भाव सांगताना ते ‘अँफोरा’ या मापासाठी वापरलंय. स्पेनमध्ये तेच चिन्ह ‘अर्रोबा’ या वजनासाठी: २५ लिब्रा (स्पॅनिश पौंड), म्हणजे साधारण साडेअकरा किलो. मूळ अरबी ‘अर-रुब’, चौथा हिस्सा, म्हणजे तिथल्या १०० लिब्रांच्या जुन्या क्विंटलचा चतुर्थांश. आपल्या पावशेरासारखाच प्रकार.

लॅटिन ‘आद’ (ad, म्हणजे ‘कडे’) भराभर लिहिताना भिक्षूंनी हे वळण काढलं, ही कथा जिथे तिथे वाचायला मिळते. ऐकायला छान आहे, पण व्यापाऱ्यांची कागदपत्रं हाताशी असताना मी तिच्यावर भिस्त ठेवणार नाही. १३४५ च्या एका बल्गेरियन हस्तलिखितात ‘आमेन’चं पहिलं अक्षर @ असं काढलंय, पण तिथे ते नुसतं नटवलेलं अक्षर आहे, त्याचा मापाशी संबंध नाही.

गोगलगाय:
नावांचे दोन गट पडतात. स्पॅनिश-पोर्तुगीजमध्ये ‘अर्रोबा’ आणि फ्रेंचमध्ये ‘आरोबाज’ ही वजनावरून आलेली. बाकी बहुतेकांनी आकार पाहून प्राणी शोधला. इटालियन ‘क्योच्चोला’ आणि कोरियन ‘गोलबेंगी’ म्हणजे गोगलगाय. पोलिश ‘माउपा’ माकड, डच ‘आपेनस्टार्त्ये’ माकडाची शेपटी. डॅनिश-स्वीडिश ‘स्नाबेल-आ’ म्हणजे सोंडवाला आ. हंगेरियन ‘कुकात्स’ अळी, ग्रीक ‘पापाकी’ बदकाचं पिल्लू, रशियन ‘सबाका’ चक्क कुत्रा (यात कुत्रा कुठे दिसतो, ते रशियनांनाच विचारा). तैवानमध्ये ‘छोटा उंदीर’. खाण्यातली दोन: हिब्रू ‘श्त्रुडेल’ (गुंडाळी केलेली गोड पेस्ट्री) आणि चेक-स्लोव्हाक ‘झाविनाच’, म्हणजे व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या हेरिंग माशाची गुंडाळी.

फोनवर सांगायचं असेल तर स्पॅनिश माणसाला ‘अर्रोबा’, इटालियनला ‘क्योच्चोला’, रशियनला ‘सबाका’ म्हणा, लगेच कळेल. जर्मनला ‘क्लामरआफे’ (एका जातीचं माकड) सांगू नका, ते आता जुनं झालं, ‘ॲट’ पुरतं. आणि कुठेही ‘द रेट’ जोडू नका, समोरचा ती अक्षरंही पत्त्यात लिहून बसतो.

शिफ्ट_दोन:
इनस्क्रिप्टचं उत्तर सोपं आहे. वरच्या आकड्यांच्या ओळीत शिफ्टवर देवनागरीची अक्षरं बसवली आहेत: २ वर ॅ, ५ वर ज्ञ, ६ वर त्र, ७ वर क्ष, ८ वर श्र. त्यामुळे @ ला जागाच उरली नाही. विंडोज+स्पेस दाबून इंग्रजीवर जा, @ टाका, परत या. किंवा ऑल्ट धरून ६४ टाइप करा. पण आकडे उजवीकडच्या नंबर पॅडवरचेच हवेत आणि नम लॉक चालू हवं. वरच्या ओळीतले आकडे चालत नाहीत, बहुतेकांचं तिथेच फसतं.

इंग्रजीतही एक सापळा आहे. लेआउट ब्रिटिश असेल तर @ आणि " यांची अदलाबदल होते. पासवर्ड बरोबर असूनही ‘चुकीचा’ येत असेल, तर आधी हे तपासा. जर्मन विंडोजवर @ साठी ऑल्ट-जीआर (स्पेसबारच्या उजवीकडची ऑल्ट कळ)+क्यू, जर्मन मॅकवर ऑप्शन+एल. विंडोजच्या सवयीने मॅकवर हात गेला की ऑल्ट-जीआरच्या जागी कमांड कळ लागते, आणि कमांड+क्यूने अख्खा प्रोग्रामच बंद होतो.

जमाखर्च:
ईमेलचं राहिलं. १९७१ मध्ये एका संगणकावरून दुसऱ्यावर ईमेल पाठवण्याची सोय करताना रे टॉमलिन्सन या अमेरिकन प्रोग्रामरने हेच चिन्ह निवडलं, कारण ते माणसांच्या नावात येत नाही आणि ‘अमुक माणूस अमुक मशीनवर’ असं सरळ वाचता येतं. त्याच्या मॉडेल ३३ टेलिटाइपवर (संगणकाला जोडलेल्या टाइपरायटरसारख्या यंत्रावर) ते २ वर नव्हतं, शिफ्ट+पी वर होतं. मल्टिक्स या तेव्हाच्या संगणक-यंत्रणेवाल्यांची मात्र पंचाईत झाली: तिथे @ टाइप केलं की त्याआधी लिहिलेली अख्खी ओळ रद्द व्हायची.