मदत हवी आहे: स्क्रीनवर डिझाइन उघडतच नाही, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत टी-शर्ट द्यायचे आहेत

तापीकाठ (जळगाव): घरीच स्क्रीन प्रिंटिंग शिकतोय. जाळीवर इमल्शन (उजेडाने पक्का होणारा लेप) लावलं, सुकवलं, उन्हात धरलं, पाणी मारलं. डिझाइन उघडत नाही, म्हणजे त्या जागचं इमल्शन धुतलं जात नाही, नुसता हिरवा पडदा राहतो. वेळ कमी-जास्त करून पाहिला, तीन स्क्रीन वाया गेल्या. ४० शर्ट द्यायचेत. लवकर सांगा.

बोल्टिंगवाला: इमल्शन उजेडात पक्कं व्हावं म्हणून त्यात मिसळलेलं रसायन बायक्रोमेट की डायझो? जाळी किती नंबर, म्हणजे किती बारीक? पॉझिटिव्ह (डिझाइनची काळी प्रिंट) कशावर काढलंय? स्क्रीन कुठे आणि किती वेळ सुकवली? हे सांगितल्याशिवाय अंदाजच होईल.

झटपट: स्क्रीनच्या नादी लागू नका. डीटीएफ शीट (गरम दाबून डिझाइन शर्टवर उतरवायची फिल्म) छापून आणा, १५० अंशावर १५ सेकंद दाबा, ४० शर्ट एका संध्याकाळी होतात.

तापीकाठ: डीटीएफचं विचारलेलं नाही. बायक्रोमेट आहे, १२० नंबर जाळी, ट्रेसिंग पेपरवर लेझर प्रिंट. रात्री लावून माळ्यावर पत्र्याखाली ठेवतो, पूर्ण अंधार असतो. दुपारी १२ ला ४० सेकंद ऊन दिलं, नंतर २० दिलं, तरी तेच.

भुसावळकर: भर उन्हात ४० सेकंद फारच झाले. शिवाय ट्रेसिंगवरचं टोनर फिकं पडतं. कागद बल्बसमोर धरा, काळ्या अक्षरातून उजेड दिसला तर तिथलं इमल्शनही पक्कं होणारच. दोन प्रिंट एकावर एक तंतोतंत चिकटवा, छापलेली बाजू इमल्शनला लावा, वर जाड काच ठेवा. उन्हापेक्षा ट्यूबलाइटची पेटी करा, वेळ दररोज सारखी राहते.

बोल्टिंगवाला: भाऊ, ट्रेसिंगचं बरोबर आहे, पण इथे वेगळाच संशय आहे. बायक्रोमेट मिसळलेलं इमल्शन अंधारातही हळूहळू पक्कं होत जातं, उष्णतेत फार जोरात. एप्रिलमध्ये पत्र्याखालचा माळा म्हणजे भट्टी, रात्रभरात स्क्रीन शिजून जाते. आधी एक करा: तसाच सुकवलेला एक कोपरा ऊन अजिबात न दाखवता धुवा. तो धुतला जात नसेल तर ऊन, कागद, ट्यूब कशाचाच दोष नाही.

रंगारी: रंगाचंही ध्यानात ठेवा. १ किलो बाइंडर (रंग कापडाला धरून ठेवणारी पेस्ट), ५० ग्रॅम पिगमेंट (रंगद्रव्य), १५ ग्रॅम फिक्सर (रंग पक्का करणारं रसायन). फिक्सर लागेल तेवढ्याच रंगात घाला, उरलेला रंग घट्ट होतो. छापून सुकल्यावर उलट्या बाजूने कापड ठेवून ४-५ मिनिटं कडक इस्त्री, मग तीन दिवस धुवायचं नाही. आपल्या उन्हात रंग जाळीत सुकतो, म्हणून प्रत्येक हातानंतर स्क्रीन रंगाने भरून ठेवा.

लेखणी: शर्टवर 'खानदेश' लिहिताय की 'खान्देश'?

भुसावळकर: खान्देशच. आणि १ मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ ठेवू नका, अर्ध्या न ची पोकळी भरून जाते.

तापीकाठ: कोपरा धुतला. ऊन न दाखवताही उघडला नाही!

बोल्टिंगवाला: मग पत्राच दोषी. बायक्रोमेट मिसळलेलं उरलंय ते टाकून द्या, पण उघड्या गटारीत नको. ते विषारी आहे, हातमोजे घाला, घरातल्या फ्रीजमध्येही ठेवू नका. आता लागेल तेवढंच मिसळा. दिवस मावळल्यावर खालच्या खोलीत, मंद पिवळ्या उजेडात पातळ थर द्या. छापायची बाजू खाली करून स्क्रीन आडवी ठेवा आणि टेबल फॅन लावा. कूलर लावू नका, त्याच्या दमट हवेत इमल्शन सुकायला वेळ लागतो आणि ते पक्कंही लवकर होतं. हाताला कोरडी लागली की थांबू नका, ट्यूबपेटी असेल तर त्याच रात्री तिचा उजेड द्या.

भुसावळकर: म्हणून तर ट्यूबपेटी म्हटलं!

बोल्टिंगवाला: मान्य. पण वेळ पट्टीनेच ठरवा: पुठ्ठा सरकवत दर पट्टीला ठरावीक वेळ वाढवा, मग धुवून बघा. सर्वात कमी वेळेची जी पट्टी पाण्यात पक्की राहते आणि जिची अक्षरं स्वच्छ उघडतात, ती वेळ तुमची.

तापीकाठ: आज रात्रीच लावतो. शर्ट काळे आहेत, पांढरा रंग एका हातात बसेल ना?

रंगारी: काळे हे आधी सांगायचं. साध्या बाइंडरमध्ये पांढरा काळ्यावर राखाडी दिसतो. ओपेक (खालचा रंग झाकणारी) पांढरी पेस्ट घ्या, जाळी १२० ऐवजी ८० बसवा. पहिला हात हेअर ड्रायरने सुकवून दुसरा मारा. शर्ट टेबल-गमने पाटाला चिकटलेला हवा, जरा सरकला की दुसरा हात शेजारी पडतो.