कोलोरॅडोत गांजा लीगल, मग फेडरलमध्ये बॅन कसा?

गोंधळी_गण्या:
डेन्व्हरला आलोय एच-वन वर्क व्हिसावर. इथे २१ वर्षांवरच्या कुणालाही आयडी दाखवला की दुकानात गांजा मिळतो, वर सरकार टॅक्सही घेतं. पण रूममेट म्हणतो की देशाच्या कायद्यात बंदीच आहे. दोन्ही एकाच वेळी खरं कसं काय? आणि इथून घेऊन न्यू मेक्सिकोत नेला तर चालेल ना, तिथेही लीगलच आहे की.

वकिली_किडा:
दोन्ही खरंय. १९७० च्या फेडरल, म्हणजे अख्ख्या देशाच्या, कायद्याने गांजा हेरॉइनच्या पंगतीत, म्हणजे शेड्यूल वन या सगळ्यात कडक बंदीच्या यादीत बसवला. राज्य लीगल करतं म्हणजे फक्त स्वतःच्या कायद्यातली शिक्षा काढतं, फेडरल कायदा तिथेच राहतो, पण तो राबवायची सक्ती राज्याच्या पोलिसांवर करता येत नाही आणि फेडरलकडे घरोघर फिरायला तेवढी माणसं कुठेत, म्हणून सगळं निभावतंय. कॅलिफोर्नियाने १९९६ मध्ये औषधासाठी परवानगी दिली तरी २००५ च्या रेच केसमध्ये सुप्रीम कोर्टाने ६-३ ने फेडरलचीच बाजू घेतली, आणि ते सुद्धा घरच्या रोपांसाठी!
न्यू मेक्सिकोचं डोक्यातून काढ. दोन्हीकडे लीगल असला तरी बॉर्डर ओलांडली की फेडरल गुन्हा. नॅशनल पार्कमध्येही तेच, ती जमीन राज्याची नाही.

सिॲटलकर:
राज्याराज्यात पण गंमत आहे. कोलोरॅडो आणि आमचं वॉशिंग्टन राज्य, दोघांनी २०१२ मध्येच मतदान करून लीगल केला, पण तुमच्याकडे माणशी ६ रोपं घरी लावता येतात, आमच्याकडे शौकासाठी एकही नाही. आणि इथून शेजारच्या आयडाहोत गेलं की थेट गुन्हाच. शिवाय एखादं शहर किंवा काउंटी दुकानांना नाही म्हणू शकते ते वेगळंच.
नोकरीचं पण बघ, २०१५ मध्ये कोलोरॅडोच्याच सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ड्यूटी संपल्यावर औषध म्हणून घेतला तरी कंपनी काढू शकते. मला तर हे जरा अतीच वाटतं.

ग्रीनकार्ड_वेटिंग:
अरे गण्या, तू व्हिसावर आहेस, मुद्दा तिथे आहे. इमिग्रेशन फेडरल आहे, त्यांना कोलोरॅडोचा कायदा दाखवून उपयोग नाही. केस झालेली नसली तरी ऑफिसरसमोर 'हो, ओढला होता' एवढं कबूल केलं तरी अडकू शकतोस. २०१९ मध्ये तर त्यांनी लिहूनच दिलं की अशा लीगल दुकानात नुसती नोकरी केली असेल तरी सिटिझनशिप अडू शकते.

गोंधळी_गण्या:
बाप रे. बायको अशाच एका दुकानाच्या अकाउंटिंग जॉबला उद्या अप्लाय करणार होती, थांबवतो तिला.