नऊ पानं आणि बाहेरची राणी

ब्रिजमध्ये एका रंगाची आपल्या जोडीकडे नऊ पानं असली आणि राणी प्रतिस्पर्ध्यांकडे असली, तर ‘राणीसाठी फिनेस घ्यायचीच नाही, एक्का-राजा वाजवायचे’ असं म्हणणाऱ्यांशी मी निम्माच सहमत. फिनेस म्हणजे राणी डावीकडच्याकडे आहे असं धरून राजाऐवजी गुलाम लावणं. बाहेरची, म्हणजे दोन्ही प्रतिस्पर्ध्यांकडची, चार पानं २-२ पडतात (मग एक्का-राजावर राणी पडतेच) ४०.७ टक्के वेळा, ३-१ पडतात ४९.७ टक्के वेळा. मग राजा का वाजवायचा? एक्क्यावर दोघांनी छोटी पानं टाकली, दुसऱ्या फेरीत डावीकडच्यानं पुन्हा छोटं टाकलं, की त्याच्या हातात ११ अनोळखी जागा (माहीत नसलेल्या पानांच्या) उरतात, उजवीकडच्याकडे १२. म्हणजे राणी पडण्याची शक्यता १२ विरुद्ध ११, जेमतेम ५२ टक्के. इतक्या बारीक फरकावर नियम उभा आहे, आणि बोलीतून (खेळाआधी कोण काय बोललं त्यावरून) थोडी जरी माहिती मिळाली तरी पारडं फिरतं.

मी हे चार बदामच्या (बदाम हुकूम, दहा हात करायचे) डावात शिकलो. हातात एक्क्यासह पाच बदाम, डमीत (जोडीदाराच्या उघड्या मांडलेल्या पानांत) राजा-गुलामसह चार. उजवीकडच्यानं तीन इस्पिकच्या बोलीनं सुरुवात केली होती, जी साधारण सात इस्पिकांवर देतात. दोन्ही हातांत मिळून आमचे इस्पिक चार, म्हणजे त्याचे सात आणि डावीकडच्याचे दोनच. एक्का वाजवल्यावर डमीकडे बदाम खेळलो, डावीकडून छोटं आलं, आणि मी नियमाप्रमाणे राजा लावला. राणी डावीकडेच राहिली, डाव एका हातानं पडला. नंतर जागा मोजल्या: डावीकडे ९, उजवीकडे ५. गुलामाची फिनेस ६४ टक्के होती! तेव्हापासून हुकुमाला हात घालण्याआधी मी बाजूचे रंग मोजतो, शक्य असेल तर त्यांच्या एक-दोन फेऱ्या आधी खेळूनही घेतो.