अनुभव धागा : मालिकेतला फौजी आणि घरातला फौजी

मी देवळाली कॅम्पात वाढले. रेंजवर तोफा सुटल्या की खिडक्यांची तावदानं थरथरायची आणि आई फडताळातल्या कपबश्या आत सरकवायची. बाबा तोफखान्यात होते. युद्धाची मालिका लागली की पाच मिनिटांत उठून जायचे. वर्दीतल्या चुका त्यांना खपायच्या, पण प्रत्येक जवानाच्या कपाळावर जात-धर्म आधीच लिहिलेला असायचा, ते खपायचं नाही : शीख म्हणजे हसरा, मराठा म्हणजे तापट, मुसलमान म्हणजे निष्ठा सिद्ध करायला आलेला. बाबांच्या युनिटमध्ये एकाच छपराखाली सर्व धर्म स्थळ होतं. ते मला पडद्यावर क्वचितच दिसलं. तुमच्या घरी काय पाहिलंत? लिहा.

जुने नाशिक
१९८८ साली दूरदर्शनवर चेतन आनंद यांची 'परमवीर चक्र' ही मालिका लागायची, युद्धात तो सर्वोच्च सन्मान मिळवलेल्या जवानांवरची. अब्दुल हमीद यांच्या भागात नसीरुद्दीन शाह होते. अब्बा सुट्टीवर आलेले, गल्लीतली सगळी पोरं आमच्या घरात. १० सप्टेंबर १९६५, पंजाबात खेमकरणजवळचं असल उत्तर गाव, जीपवरची रिकॉइललेस गन म्हणजे रणगाडे फोडायची हलकी तोफ, समोर पाकिस्तानचे पॅटन रणगाडे. अब्बा आम्हाला समजावत होते, की ही गन उडाली की मागून धुरळ्याचा लोट उठतो, शत्रूला जागा कळते, म्हणून गोळा सोडला की जीप हलवायची. धर्माबद्दल एक अक्षर बोलले नाहीत.

अलीकडच्या एका मालिकेत सोबती मुसलमान जवानाला विचारतो, "तू नक्की कुणाचा?" मग तो छातीवर गोळी झेलतो आणि सगळे रडतात. अब्बांनी आवाज बंद केला. बऱ्याच वेळानं म्हणाले, "चोवीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नाही. आता माझ्या नातवाला शाळेत विचारतील." त्यांच्या लंगरचा, म्हणजे फौजी स्वयंपाकघराचा, कुक बिहारचा ब्राह्मण. रमजानात सहेरीला तो स्वतःहून उठायचा, चहा टाकायचा, रात्रीच्या पोळ्या तव्यावर गरम करून द्यायचा. त्या पोळ्यांची गोष्ट आमच्याकडे दर रमजानात निघते.

नाशिकरोड
माझी तक्रार उलटी आहे. मालिकेत जातीचं नावच निघत नाही, आडनावं तेवढी ठरावीक असतात. आजोबा महार रेजिमेंटमध्ये होते. ती १९४१ साली उभी राहिली, त्यामागे बाबासाहेबांचा आग्रह होता. ज्या नाशकात १९३० साली काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह करावा लागला, त्याच जिल्ह्यातल्या माणसाच्या हातात सरकारनं मशीनगन दिली. आजोबांच्या ट्रंकेत वर्दीखाली बाबासाहेबांचा फोटो असायचा, कडा झिजलेला. असा फोटो जवळ बाळगणारा जवान मला एकाही मालिकेत दिसला नाही. मेजर रामास्वामी परमेश्वरन हे ८ महारचे, म्हणजे रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे, परमवीर चक्र विजेते. १९८७ साली श्रीलंकेत पडले. त्यांच्यावर बोलतानाही रेजिमेंटचं नाव भर्रकन उरकतात.

भगूर
फौजीची बायको कायम देवघरासमोर निरांजन घेऊन उभी! कारगिलच्या वेळी मीही सप्तशृंगीला नवस बोलले, गडावर जाऊन फेडला. पण त्याच आठवड्यात गॅसचा नंबर लावला, सासऱ्यांना दवाखान्यात नेलं, शेजारच्या बाईला आंतरदेशीय पत्र लिहून दिलं. तिचा नवरा माझ्या नवऱ्याच्याच तुकडीत. ती चर्चमध्ये मेणबत्ती लावायची, तेव्हा दोघांच्या नावानं दोन लावायची.

सातपूर, निवृत्त हवालदार, मराठा लाइट इन्फंट्री
ताई, बाबांचं बरोबर आहे. फौजेत जवानांचा देव तोच अधिकाऱ्याचा देव. आमचे सीओ, म्हणजे बटालियनचे कमांडिंग ऑफिसर, सरदारजी होते. 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' असा घोष द्यायचे तेव्हा त्यांचा आवाज आमच्यापेक्षा वर चढायचा. गणपतीत मूर्तीचा पाट त्यांनी स्वतः उचलला, पगडीवर गुलाल, पाय अनवाणी. विसर्जनाला पाण्यात उतरले आणि मूर्ती सोडायलाच तयार होईनात. शेवटी सुभेदार साहेबांनी हळूच त्यांच्या हातावर हात ठेवला.