डीव्हीडींचा संग्रह लॅपटॉपवर : प्रवासासाठी केलेल्या खटाटोपाचे अनुभव

हल्ली मिळणाऱ्या बहुतेक लॅपटॉपांना डीव्हीडी ड्राइव्हच नसतो, आणि आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात मात्र नाटकांच्या, मैफलींच्या आणि जुन्या चित्रपटांच्या तबकड्या अजून रचलेल्या आहेत. त्यांतले बरेच काही ऑनलाइन सापडत नाही, आणि सापडले तरी कोकण रेल्वेच्या बोगद्यांत नेटवर्क मान टाकते. म्हणून ज्यांनी स्वतः विकत घेतलेल्या डीव्हीडी प्रवासात पाहण्यासाठी लॅपटॉपवर उतरवल्या आहेत, त्यांनी आपला अनुभव तपशिलाने लिहावा, ही विनंती. कोणता प्रोग्रॅम वापरला यापेक्षा फाइल केवढी झाली, आवाज आणि सबटायटल्स टिकली का, आणि गाडीत बसल्यावर ते खरोखर पाहता आले का, हे वाचायला मला अधिक आवडेल.

सुरुवात मीच करतो. माझ्याकडे मुख्यतः नाटके आहेत. एका थराच्या डीव्हीडीत ४.७ जीबी आणि दोन थरांच्या डीव्हीडीत ८.५ जीबी मावतात. तबकडी उघडली की आत साधारण एकेक जीबीच्या व्हीओबी फाइलींचे (यांतच चित्र आणि आवाज असतो) तुकडे दिसतात. यूएसबीचा बाह्य ड्राइव्ह घेऊन मी हँडब्रेक या रूपांतराच्या प्रोग्रॅममधून त्यांची एच.२६४ या चित्र दाबून लहान करण्याच्या पद्धतीची एकसंध फाइल करतो, आणि तीन अंकी नाटकही दीड जीबीच्या आसपास बसते. खरी अडचण आकाराची नव्हतीच. नाट्यगृहात व्हिडिओ कॅमेऱ्याने केलेले चित्रण इंटरलेस्ड असते, म्हणजे प्रत्येक चौकटीतल्या सम आणि विषम रेषा वेगवेगळ्या क्षणी टिपलेल्या असतात. दूरदर्शन संचावर ते खपून जाते. लॅपटॉपच्या पडद्यावर मात्र नट झटकन वळला की त्याच्या खांद्याला कंगव्याचे दात फुटल्यासारखे दिसतात. रूपांतर करतानाच डीइंटरलेसची, म्हणजे या रेषांचे दात काढून टाकण्याची, सोय चालू केली, आणि सेकंदाला २५ ऐवजी ५० चौकटी ठेवल्या, तर हालचाल नितळ राहते. यात वेळ जातो, पण रात्री काम लावून झोपावे.

मालवाहू जहाजावरील अभियंता, मूळ गाव रत्नागिरी

आमच्याकडे उपग्रहामार्फत इंटरनेट असते, पण त्यावर चित्रपट पाहण्याची चैन परवडत नाही. त्यामुळे निघण्यापूर्वी घरच्या डीव्हीडी पोर्टेबल हार्ड डिस्कवर भरून नेणे हा माझा ठरलेला कार्यक्रम आहे. एक गोष्ट नव्याने निघणाऱ्यांनी लक्षात ठेवावी : मेसमधला टीव्ही बहुधा फॅट३२ पद्धतीने फॉर्मॅट केलेलाच पेनड्राइव्ह वाचतो, आणि त्या पद्धतीत ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मुळात ठेवताच येत नाही. मूळ तबकडीची जशीच्या तशी प्रत लॅपटॉपवर चालते; चारचौघांत दाखवायची असेल तर आटोपशीर फाइल हवीच.

न्यू जर्सी

भारतातून आणलेल्या माझ्या काही डीव्हीडी पाल या भारतातल्या टीव्ही पद्धतीच्या आहेत (इथली पद्धत एनटीएससी), तर काहींवर विभाग ५ चे, म्हणजे भारत ज्यात येतो त्या डीव्हीडी-विभागाचे, बंधन आहे, आणि इथला टीव्हीखालचा प्लेअर दोन्हींना नाक मुरडतो. लॅपटॉपला पाल आणि एनटीएससी यांचे सोयरसुतक नसते. विभागाचे मात्र असते, कारण ड्राइव्हचा विभाग साधारणपणे पाचच वेळा बदलता येतो आणि त्यानंतर तो कायमचा ठरून जातो. म्हणून मी भारतीय तबकड्यांसाठी एक स्वस्त ड्राइव्ह वेगळाच ठेवला आहे. भारताला जातानाच्या लांब विमानप्रवासात आई त्यांवरचीच नाटके पाहते.

नागपूर

डीव्हीडीच्या आधीच्या व्हीसीडी कुणी विसरू नयेत. त्यांतली .डॅट फाइल व्हीएलसी या प्लेअर प्रोग्रॅममध्ये थेट चालते. चित्र ३५२ गुणिले २८८ एवढेच असल्याने ते पुन्हा दाबण्यात काही हशील नाही. नुसती नक्कल करावी.

पुणे, निवृत्त वकील

कायद्याचे दोन शब्द. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये खासगी वापरासाठी केलेल्या उचित व्यवहाराला सूट आहे, आणि २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५अ हे संरक्षक कुलूप (नक्कल रोखणारी तांत्रिक सोय) तोडण्याला शिक्षा सांगत असले, तरी कायद्याने स्पष्टपणे मनाई न केलेल्या हेतूंना त्यातून वगळते. स्वतःच्या तबकडीची स्वतःसाठी केलेली प्रत या चौकटीत बसते, असे माझे मत आहे. ती प्रत भाचे, शेजारी आणि सोसायटीच्या ग्रुपपर्यंत पोहोचली की बसत नाही.

कोल्हापूर

आमच्या घरातला अनमोल ऐवज म्हणजे लग्नाची डीव्हीडी. स्टुडिओवाल्याने ती घरगुती रायटरवर लिहिलेली असल्याने तिला कुलूप नाही, पण अशा तबकडीतला रंगद्रव्याचा थर काळाबरोबर खराब होतो, कारखान्यात छापलेल्या तबकडीचे तसे होत नाही. वरातीच्या भागात ड्राइव्ह कुरकुरू लागला. मऊ ओल्या कापडाने मध्याकडून कडेकडे सरळ रेषेत पुसल्यावर (गोल फिरवून पुसू नये, त्याने चराच्या दिशेने ओरखडे पडतात) बराच भाग वाचला गेला, आणि उरलेल्यासाठी डीडीरेस्क्यू हे खराब तबकडीतून माहिती वाचवणारे साधन वापरले. ते अडलेली जागा सोडून आधी सोपे ते सारे उचलते आणि मग हट्टी जागांकडे वळते. माझे इतरांना सांगणे असे की घरच्या तबकड्या आधी उतरवाव्यात, कारण चित्रपट पुन्हा मिळू शकतो.

मुंबई–मडगाव नेहमीची प्रवासी

सबटायटल्सबद्दल कुणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. डीव्हीडीवरची सबटायटल्स म्हणजे मजकूर नसून छोटी चित्रे असतात, त्यामुळे अक्षरांचा आकार नंतर मनासारखा वाढवता येत नाही. मी एमकेव्ही प्रकारच्या व्हिडिओ फाइलमध्ये ती वेगळा ट्रॅक म्हणून ठेवते, चित्रावर कायमची छापत नाही. दुसरे म्हणजे आवाज : सहा वाहिन्यांचा ट्रॅक दोन कानांत उतरवला की संवाद दबतात आणि संगीत अंगावर येते, आणि डब्याच्या खडखडाटात तर संवादांचे पूर्ण भजे होते. तबकडीवर स्टिरिओ ट्रॅक असेल तर तोच निवडावा, नसेल तर हँडब्रेकमधली डीआरसीची (हळू आणि मोठ्या आवाजांतला फरक कमी करणारी) खूण थोडी वर सरकवावी. स्लीपरच्या वरच्या बर्थवर साध्या इअरफोनवरही मग कुजबुज ऐकू येते.