प्रेमसंबंधांतील हिंसा रोखणे हे शाळेचे काम आहे का?

मूळ मांडणी

किशोरवयीन प्रेमसंबंधांतील हिंसा म्हणजे केवळ मारहाण नव्हे. मोबाइलचा पासवर्ड मागणे, कोणाशी बोलायचे हे ठरवून देणे, खासगी छायाचित्रे इतरांना दाखवण्याची भीती घालणे, हेही तिच्यातच मोडते. आणि पंधरा वर्षांच्या मुलामुलींना यातले बरेचसे प्रेमाचीच खूण वाटते, ही मला सर्वांत काळजीची गोष्ट वाटते. म्हणून हा विषय आठवी-नववीच्या वेळापत्रकातच असावा, असे माझे मत आहे. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात 1990च्या दशकात 14 शाळांमध्ये ‘सेफ डेट्स’ या कार्यक्रमाची चाचणी झाली. दहा तासिका, एक नाटक आणि भित्तिपत्रकांची स्पर्धा एवढेच त्याचे स्वरूप होते. तरीही चार वर्षांनंतर त्यात सहभागी झालेल्या विद्यार्थ्यांमध्ये जोडीदारावरील हिंसेचे प्रमाण इतरांपेक्षा कमी आढळले.

प्रतिसाद 1 (विरोधी)

कोणाशी कसे वागावे हे मूल घरी शिकते. शाळेने प्रेमसंबंधांवर तासिका घेतल्या की ते या वयात स्वाभाविकच आहेत, असा संदेश जातो आणि पालकांच्या सांगण्याला किंमत उरत नाही. आई-वडिलांचे आपसातले वागणे मूल रोज पाहते. ते बिघडलेले असेल तर दहा तासिकांनी काय साधणार आहे?

मूळ लेखकाचे उत्तर

घरातले वागणेच बिघडलेले असेल, तर त्या मुलाला वेगळे काही ऐकण्याची जागा शाळेशिवाय कोठे मिळणार? शिवाय, ज्या घरी प्रेमसंबंधाचे नाव काढणेच गुन्हा ठरते, तेथील मुलीला मार बसला तरी ती सांगत नाही, कारण मार सांगायचा तर आधी संबंध कबूल करावा लागतो. त्या मौनाचा फायदा मारणाऱ्यालाच होतो.

प्रतिसाद 2 (विरोधी)

माझा आक्षेप नैतिक नाही, पुराव्याचा आहे. आरोग्यविषयक अभ्यासांचे एकत्रित परीक्षण करणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या 2013च्या आढाव्यात अशा प्रतिबंधक कार्यक्रमांवरील 38 अभ्यास तपासले गेले. सहभागी झालेल्यांच्या माहितीत किंचित भर पडली, परंतु हिंसेच्या घटना कमी झाल्याचा पुरावा मिळाला नाही. कॅनडातील ‘फोर्थ आर’ या कार्यक्रमाचे यश नेहमी सांगितले जाते, ते मुलग्यांच्या बाबतीत खरेही आहे: अडीच वर्षांनंतर जोडीदारावर शारीरिक हिंसा केल्याचे सांगणाऱ्या मुलग्यांचे प्रमाण नेहमीच्या शाळांत 7.1 टक्के, तर कार्यक्रमाच्या शाळांत 2.7 टक्के होते. मुलींमध्ये मात्र जवळजवळ फरक पडला नाही. प्रश्नपत्रिकेत योग्य उत्तर लिहिणे आणि राग आल्यावर हात आवरणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मूळ लेखकाचे उत्तर

हा आक्षेप मला गंभीर वाटतो, आणि ‘दहा तासिका एवढेच’ हे माझे शब्द मी मागे घेतो. मात्र त्यावरून शाळेने हात झटकावेत असे ठरत नाही. न्यूयॉर्क शहरातील 30 शाळांमध्ये ‘शिफ्टिंग बाउंड्रीज’ या अशाच प्रतिबंधक कार्यक्रमाची चाचणी झाली तेव्हा काही ठिकाणी फक्त तासिका, काही ठिकाणी फक्त शाळेच्या आवारात बदल, काही ठिकाणी दोन्ही आणि उरलेल्या ठिकाणी काहीच नाही, अशी विभागणी केली होती. आवारातील बदल म्हणजे काय, तर विद्यार्थ्यांनी स्वतः शाळेचा नकाशा रंगवून कोठे असुरक्षित वाटते ते दाखवायचे, त्या जिन्यावर किंवा कोपऱ्यात शिक्षकांनी उभे राहायचे आणि त्रास देणाऱ्या विद्यार्थ्याने दुसऱ्यापासून दूर राहण्याचे लेखी बंधन पाळायचे. नुसत्या तासिकांचा उपयोग झाला नाही. आवारात बदल झाले तेथे लैंगिक हिंसा कमी झाली. शाळा मुलांना काय सांगते यापेक्षा ती स्वतः कशी वागते, याला वजन आहे असा मी याचा अर्थ घेतो.

प्रतिसाद 3 (एक शिक्षिका)

मी माध्यमिक वर्गांना शिकवते. एका शाळेत अशीच तासिका झाल्यावर एक विद्यार्थिनी थांबली आणि तिने मनगटावरचे वळ दाखवले. वरिष्ठांना कळवल्यावर त्यांनी दोघांना समोरासमोर बसवून समेट घडवला. ज्याची भीती वाटते त्याच्याच समोर तिला बोलायला लावले गेले, आणि त्यानंतर ती माझ्याशीही बोलेनाशी झाली. प्रशिक्षित समुपदेशक आणि लेखी कार्यपद्धती नसेल, तर तासिका सुरूच करू नयेत असे माझे ठाम मत आहे, कारण आपण मुलांना बोला म्हणतो आणि बोलल्यावर त्यांना एकटे पाडतो.

मूळ लेखकाचे उत्तर

बाई, समोरासमोर बसवणे चुकीचेच होते. जेथे एकजण दुसऱ्याला घाबरतो तेथे समेट म्हणजे दबावच. क्रम आपण सांगता तोच असावा: आधी समुपदेशक आणि शिक्षकांची तयारी, मग तासिका. माझा आग्रह इतकाच, की ती तयारी पुढच्या सत्राच्या आत पूर्ण करण्याचे बंधन शाळेवर असावे. एरवी ‘समुपदेशक नाही’ हे कारण वर्षानुवर्षे पुढे केले जाईल आणि मनगटावरचे वळ बाहीखाली झाकलेलेच राहतील.

प्रतिसाद 2 (पुन्हा)

हे मान्य असेल, तर माझा विरोध निम्मा उरतो. उरलेल्या निम्म्यासाठी एक अट आहे: वर्षाअखेरीस मुलांना काय पाठ झाले हे न विचारता त्यांच्यावर काय ओढवले आणि त्यांनी काय केले हे नाव न घेता विचारावे, आणि मुलींची उत्तरे वेगळी मोजावीत.